सोनागिरीचं सूप

भोपाळच्या सोनागिरीला कारखान्याच्या टाउनशिपच्या भिंतीलगत दुकानांची एक ओळ आहे. तिच्यात पंक्चरवाला आणि शिंपी यांच्या मधे सुपाचं दुकान आहे. पाटीवर व्हिएतनाम लिहिलंय, पण तसं कुणी म्हणत नाही. सगळे 'भाभी का सूप' म्हणतात आणि रिक्षावाल्यालाही तेवढंच सांगितलं की पुरतं. दुपारी कारखान्याची पहिली पाळी सुटली की तिथे स्कूटरी अशा लागतात की शिंप्याला स्वतःच्या दुकानाबाहेर पडता येत नाही. आत पत्र्याची लांब टेबलं, प्लास्टिकची स्टुलं, टेबलावर लिंबाच्या फोडी आणि हिरव्या मिरच्या. वाडगा एवढा मोठा की एकात संध्याकाळपर्यंतची सोय होते, आणि खिशाला कळतही नाही.

माझा नवरा आणि मी दर शनिवारी तिथे जायचो. गेल्या वर्षी होळीच्या सुमारास त्याला अर्धांगाचा झटका आला आणि त्याचं गिळणं बिघडलं. तेव्हापासून ते सूप त्याच्या जिवाला धोक्याचं आहे आणि त्याला खायचं असतं ते तेच. या दोन गोष्टींचा मेळ मला अजून घालता आलेला नाही. मी सरकारी बांधकाम खात्यात नोकरी करते. अडलेली कामं पुढे सरकवणं हेच माझं काम आहे. हे काम सरकत नाही.

त्या सुपाची हकिगत अशी. नवरा कारखान्यात इरेक्शनला होता. म्हणजे इथे बनलेली टर्बाइनं जिथे बसवायची तिथे जाऊन ती उभी करायची. लग्नानंतरची निम्मी वर्षं तो कुठल्या ना कुठल्या साइटवर असायचा. एकदा त्याच्या टोळीला व्हिएतनामला पाठवलं, डोंगरातल्या एका जलविद्युत प्रकल्पावर. तिथून नवरा वजन वाढवून आला आणि त्याच्या हाताखालचा फिटर बायको घेऊन आला. टाउनशिपमध्ये त्या लग्नाची जेवढी चर्चा झाली तेवढी बोनसचीही कधी झाली नसेल. ती बाई मात्र शांत होती. क्वार्टरच्या मागच्या अंगणात तिने तेलाच्या डब्यांतून तुळशीसारखा काहीतरी पाला लावला आणि हिंदी शिकली. पुढे फिटरने मुदतीआधी निवृत्ती घेतली आणि दोघांनी हे दुकान टाकलं.

सुपाचं खरं नाव फो. ते नीट म्हणायला प्रश्न विचारल्यासारखा सूर वर न्यावा लागतो, म्हणून कुणी म्हणत नाही. कोंबडीच्या हाडांचा रस्सा, त्यात भाजलेलं आलं, भाजलेला कांदा, चक्रीफूल आणि दालचिनी. रस्सा इतका नितळ की वाडग्याचा तळ दिसतो. त्यात तांदळाच्या लांब, निसरड्या शेवया. वरून मोड आलेले मूग, कांद्याची पात आणि तो पाला. सुरुवातीला पाल्यावरून गडबड झाली होती. आमच्या मराठी मंडळातल्या बायका म्हणाल्या, "कोंबडीत तुळस? अगं, पाप आहे!" भाभीने पान चुरगळून प्रत्येकीच्या नाकाशी धरलं. ती तुळस नव्हती, तुळशीची कुणीतरी चुलतबहीण होती. तेव्हा कुठे मिटलं. भोपाळच्या माणसांची वेगळीच मागणी. पोहे असोत की जलेबी, आम्हाला सोबत शेव लागते. भाभीने वर्षभर नाही म्हटलं. मग एक दिवस टेबलावर शेवेची बरणी आली. ती ठेवताना भाभीचं तोंड असं होतं की जणू आपणच आपल्या लेकीला नको त्या घरी देतोय.

शनिवार मारुतीचा, म्हणून माझा वाडगा भाज्यांचा असायचा. नवरा कोंबडीचाच घ्यायचा.

"तुला नाही का पाळायचं काही?"

"माझं न त्याच्याशी आधीच बोलणं झालंय," तो म्हणायचा. "तो म्हणे, तू साइटवाला माणूस, तुला माफ."

तो नागपूरचा. ट्रेनी म्हणून भोपाळला आला आणि मंडळाच्या गणपतीत आमची ओळख झाली. म्हणून पहिल्यापासून आमचं अरे-तुरेच आहे. खाताना तो बोलत नसे. मान खाली, काड्यांनी शेवया उचलायच्या, सुर्रकन आवाज करत ओढायच्या. शेवटी वाडगा दोन्ही हातांनी तोंडाला लावून उरलेला रस्सा प्यायचा आणि रिकामा वाडगा टेबलावर ठक्कन ठेवायचा. घरी असं कुणी जेवलं असतं तर मी उठवलं असतं. तिथे सगळेच तसे जेवायचे.

झटका आला तो सकाळी, दाढी करताना. डावी बाजू गेली. वेळेत हॉस्पिटलात पोचलो, हे सगळ्यांनी इतक्यांदा सांगितलं की मलाही तो माझाच पराक्रम वाटायला लागला. पाय लवकर आला. हात थोडा आला. बोलणंही आलं, फक्त शब्दांच्या कडा झिजल्यासारखे वाटायचे. हॉस्पिटलातून सुट्टी मिळून घरी आलो तेव्हा आमच्या सेक्टरच्या बायकांनी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले होते.

आणि मग डबे सुरू झाले. टाउनशिपमध्ये कुणी आजारी पडलं की त्या घरी स्वयंपाक करू देत नाहीत. बायका आपापसात वार वाटून घेतात. आमच्याकडे डबे आले ते सगळे पातळ. आजारी माणसाला पातळच द्यायचं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. समोरच्या काकू तांदळाची पेज आणायच्या. वरच्या मजल्यावरून मुगाचं पाणी यायचं. कोपऱ्यावरच्या बंगाली वहिनी मसूरडाळ करायच्या, ती गाळून आणायच्या. कुणी टोमॅटोचं सार, कुणी मोसंबीचा रस, कुणी शहाळं. जिचा जीव जास्त तिचा डबा जास्त पातळ. भाभीही थर्मासमधून नुसता रस्सा पाठवायची, शेवया काढून. नवरा सगळं आनंदाने प्यायचा. मी चमच्याने भरवायचे आणि डबा रिकामा झाला की मला बरं वाटायचं.

त्याला ताप आला. न्यूमोनिया. हॉस्पिटल, सलाईन, घरी परत. पुन्हा डबे, या वेळी आणखी पातळ, कारण माणूस आणखी अशक्त झालेला. पुन्हा ताप. तेव्हा शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात गिळण्याची तपासणी करायला सांगितलं.

तपासणी करणारी स्पीच थेरपिस्ट इंदूरची मराठी मुलगी होती. मला काकू म्हणायची. तिने त्याला एक्स-रे यंत्रापुढे बसवलं आणि औषध मिसळलेलं पाणी चमच्याने दिलं. पाणी जाताना पडद्यावर काळी रेघ दिसत होती. रेघ घशापर्यंत एक होती, तिथे तिची दोन झाली. एक मागे गेली, एक पुढे.

"ही पुढची फुप्फुसात जाते," ती म्हणाली.

"पण त्याला ठसका लागला नाही."

"तेच तर, काकू. लागायला हवा होता. तिथली जाणीवच गेलीय. गेलं तरी त्यांना कळत नाही, आणि आपल्यालाही दिसत नाही."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो शांत बसला होता. पाणी नीट प्यायल्याबद्दल शाबासकी मिळेल अशा बेताने तो आमच्याकडे बघत होता.

मग तिने समजावलं. पातळ पदार्थ पटकन घसरतो आणि घसा बंद व्हायच्या आत चुकीच्या वाटेने उतरतो. घट्ट पदार्थ सावकाश जातो, म्हणून त्याला सगळं घट्ट द्यायचं. पाणीसुद्धा पावडर घालून दाट करायचं. सगळ्यात वाईट म्हणजे पातळात तरंगणारं काही. घशाला एकाच वेळी दोन कामं करावी लागतात.

"जसं?" नवऱ्याने विचारलं.

"जसं, पोहे दुधात घालून. किंवा नूडल्सचं सूप."

तो हसला. तिला कळेना का. मी सांगितलं नाही.

घरी येऊन मी सेक्टरमध्ये प्रत्येकीच्या दारी गेले आणि डबे बंद करायला सांगितले. समोरच्या काकू पेजेचं ऐकून खाली बसल्याच. "पेज? अगं, पेजेने कधी कुणाचं वाईट झालंय?" त्यांना काय सांगणार! मी म्हटलं, घट्ट खिचडी करा. त्यांनी केली, पण आणताना सवयीने वर कपभर गरम पाणी घालून आणली.

पावडरचं पाणी मधासारखं चमच्यावरून ओघळतं. चव कसलीच नसते, पण पाण्याला जी नसते तशी नाही, वेगळीच नसते. मी चाखून पाहिलं होतं. चहाही तसाच करायचा. पहिला कप त्याने हातात घेतला, तिरपा करून बघितला. चहा हलला नाही.

"ही पुट्टी कशाले आणली?" तो म्हणाला. "भिंत कोणती भरायची आहे?"

"पी गपचूप."

"पितात ते हलतं न, बाप्पा. हे तर खावं लागते."

सुरुवातीला तो थट्टा करायचा, मग थट्टा बंद झाली. घट्ट वरण, कुस्करलेला भात, पुरणासारखं केलेलं सगळं. तो दोन घास घ्यायचा आणि ताट सरकवायचा. तहान लागायची, पण पाणी नको म्हणायचा. मी रागावले, लाडीगोडी लावली, पुण्यात असलेल्या आमच्या मुलाला फोनवर रागवायला लावलं. तो सगळ्यांचं ऐकून घ्यायचा. पँटी कमरेवर राहिनात. रोज सकाळी आंघोळीनंतर टॉवेलातला तो मला दिसायचा आणि मी दुसरीकडे बघत त्याचे कपडे शोधायचे.

दुकानात मी आधीच सांगून ठेवलं होतं. भाभीला तपासणीचं सगळं सांगितलं तेव्हा ती कांदा चिरायची थांबली. आपण थर्मास पाठवत होतो हे तिच्या लक्षात आलं. मी म्हटलं, तुमची काही चूक नाही, आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. पण तिने मान हलवली आणि म्हणाली, "भैया को अब नहीं देगा। कभी नहीं देगा।"

एका दुपारी मी ऑफिसात असताना फिटरचा फोन आला. "भाभीजी, साहब आए हैं। अकेले।"

तो काठी टेकत, सेक्टरमधून मुख्य रस्ता ओलांडून, भिंतीच्या कडेकडेने चालत सोनागिरीपर्यंत गेला होता. मी रिक्षा करून पोचले तेव्हा पहिली पाळी सुटलेली, दुकान भरलेलं. तो नेहमीच्या टेबलाशी बसला होता. त्याच्यापुढे काही नव्हतं, लिंबाच्या फोडींची बशी तेवढी. शेजारी, समोर, मागे माणसं सुर्र सुर्र ओढत होती. ओळखीची होती. कुणी त्याच्याकडे बघत नव्हतं. भाभी पाठ करून पातेल्याशी उभी होती आणि वळत नव्हती. फिटर गल्ल्यामागे हात बांधून उभा होता. ज्याच्या हाताखाली आयुष्य काढलं त्या माणसाला 'नाही' म्हणायची वेळ त्याच्यावर आली होती.

मी जवळ जाऊन म्हटलं, "चल."

"बस न थोडी."

"इथे बसून काय करायचं?"

"वास घेऊन राहिलो," तो म्हणाला. "त्याच्यावर पावडर टाकायची असेल तर टाक."

मी बसले. काय करणार! त्या दिवशी आम्ही दोघं काही न मागवता बसलो. पुष्कळ वेळाने समोरचा एक तरुण कामगार वाडगा संपवून उठला. त्याने शेवटचा रस्सा प्यायला नाही, तसाच ठेवला. बहुधा आमच्यासमोर वाडगा तोंडाला लावायचं त्याच्या जिवावर आलं.

"पी रे, वो क्यूँ छोड़ा?" नवरा त्याला म्हणाला. "असली माल तो वही है।"

तो मुलगा उभ्या उभ्या प्यायला आणि पळाला.

त्यानंतर नवऱ्याने दुकानाचं नाव काढलं नाही. जेवण आणखी कमी झालं. मी पुन्हा थेरपिस्टकडे घेऊन गेले. मनात होतं की ती त्याला झापेल. दुसरी तपासणी झाली. थोडी सुधारणा होती, म्हणजे काळी रेघ पुढे जायची ती बारीक झाली होती. पूर्ण थांबली नव्हती. आणि पूर्ण थांबेलच असं ती म्हणेना.

वजन बघून ती म्हणाली, "असंच चाललं तर पोटातून नळी घालावी लागेल. तोंडाने कमी, नळीने जास्त."

"नळी नको," नवरा म्हणाला.

"काका, मग खायला लागेल."

"मी खाईन. पण मला माझं खायचं आहे." त्याने शब्द सावकाश, एकेक सुटा करून म्हटले. कडा झिजलेल्या शब्दांना असंच बोलावं लागतं. "मला सूप खायचं आहे. तू म्हणाली तेच. सगळ्यात वाईट वालं."

ती माझ्याकडे बघायला लागली. मी तिच्याकडे.

"त्यांना माहीत आहे काय होऊ शकतं?" तिने मला विचारलं.

"माझ्याशी बोल," तो म्हणाला. "मला माहीत आहे. ताप येईल. दोनदा आला. तिसऱ्यांदा आला तर कदाचित जाईन. बरोबर न?"

"हो, काका."

"आणि नाही खाल्लं तर?"

तिने वजनाचा कागद पुन्हा उघडला.

मी बोलले. पुष्कळ बोलले. सूप ही काय जिवावर उदार व्हायची वस्तू आहे का, रस्सा घट्ट करून शेवया कुस्करून देता येतील, निवृत्तीनंतर राहायला मिसरोदला घर बांधून ठेवलंय ते कुणासाठी, मुलाला मी काय सांगू. माझा आवाज चढला असावा, कारण बाहेरच्या बाकावरची माणसं आत बघायला लागली. मग मी तिला म्हटलं, "तू 'नाही' म्हण. डॉक्टर म्हणून सांग. तुझं ऐकेल."

"मी धोका सांगू शकते, काकू. काळजी कशी घ्यायची ते सांगू शकते. त्यांना सगळं समजतंय. हे त्यांनी ठरवायचं आहे."

मी आणखी दोन मोठ्या डॉक्टरांकडे जाऊन आले. एकाने थेरपिस्टला विचारा म्हटलं, दुसऱ्याने पेशंटची इच्छा काय आहे ते विचारा म्हटलं. ऑफिसात मी असे शेरे रोज बघते. सगळे सह्या करतात आणि निर्णय खाली कुणाच्या तरी टेबलावर येऊन पडतो. तो माझ्याही टेबलावर नव्हता. नवऱ्याच्या होता, आणि त्याने केव्हाच घेतला होता.

थेरपिस्टने नियम शिकवले. ताठ बसायचं. हनुवटी छातीला लावून गिळायचं. छोटा चमचा, एका वेळी एकच गोष्ट, आधी शेवई, मग रस्सा. मधे बोलायचं नाही. काही घासांनंतर त्याला 'आ' म्हणायला लावायचं आणि आवाज ऐकायचा. पाण्यातून आल्यासारखा गुळगुळीत आला तर आत काहीतरी साचलंय, थांबायचं. खाऊन झाल्यावर तोंड स्वच्छ करायचं आणि बराच वेळ बसून राहायचं. "म्हणजे सुरक्षित?" मी विचारलं. "म्हणजे थोडं कमी धोक्याचं," ती म्हणाली.

शनिवारी मी गाडी काढली. घरून छोटा चमचा घेतला, दात घासायचा ब्रश घेतला, रुमाल घेतले. तो पुढच्या सीटवर बसून खिडकीबाहेर बघत होता. इंद्रपुरीच्या चौकात सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाला, "लग्नाला चालल्यासारखी गंभीर काऊन झाली?"

मी भाभीला आदल्या दिवशीच सांगितलं होतं. तिला ते पटलेलं नव्हतं. आम्ही बसल्यावर तिने स्वतः वाडगा आणून ठेवला. रस्सा दाट होता, कॉर्नफ्लॉवर लावलेला. शेवया बारीक कापलेल्या. कोंबडी वाटलेली. मन लावून केलं होतं.

नवऱ्याने चमच्याने ढवळलं. चमचा उभा राहिला.

"भाभी, ये क्या है?"

"सूप है, भैया।"

"खीर है," तो म्हणाला. "खीर घर पे भी मिलती है।"

भाभी माझ्याकडे बघत राहिली. मी काय खूण करते याची वाट बघत होती. मला कसलीच खूण करता आली नाही. शेवटी ती स्वतःशी त्यांच्या भाषेत काहीतरी बोलली, वाडगा उचलून आत घेऊन गेली आणि दुसरा घेऊन आली. नितळ. तळ दिसणारा. तो त्याच्यापुढे ठेवला आणि फिटरला काहीतरी सांगून मागच्या दाराने बाहेर निघून गेली. तो खात असेपर्यंत ती आत आली नाही.

त्याने मान खाली घातली, हनुवटी छातीला लावली. काड्या नाहीत, छोटा चमचा. एक शेवई. गिळली. मी त्याचा गळा बघत होते. गळा वर गेला, खाली आला. बस, तेवढंच दिसतं. काळी रेघ दिसत नाही. ठसका लागला असता तर मी चमचा काढून घेतला असता, तसं ठरलंही होतं. ठसका लागला नाही. ठसका न लागणं म्हणजे नीट गेलं, किंवा गेलं नाही आणि कळलंही नाही. दोन्हींचा चेहरा एकच. त्याचा चेहरा तर इतका सुखाचा होता की मला तो बघवेना आणि बघणं सोडताही येईना.

"'आ' म्हण," मी म्हटलं.

"इथे?"

"इथेच. ठरलंय."

"आ," तो म्हणाला. आजूबाजूची सुरसुर थांबली. मी कान लावून ऐकलं. कोरडा वाटला. पण तेवढ्यात बाहेर पंक्चरवाल्याचा पंप सुरू झाला आणि मला खात्री वाटेना.

"पुन्हा म्हण."

त्याने मान वर केली, छाती भरून घेतली आणि गवयासारखा "आऽऽऽ" लावला. दुकान हसलं. मागून कुणीतरी "वाह, उस्ताद!" म्हणालं. फिटरही गल्ल्यामागे हसला आणि लगेच गप्प झाला.

"तेरे लिए भी गाऊँ क्या?" नवऱ्याने मागे वळून विचारलं.

"अंकल, पहले खा लो," मागचा म्हणाला. "ठंडा हो रहा है।"

नवरा खाऊ लागला. सावकाश, फार सावकाश. माणसं येत होती, जेवत होती, जात होती. माझा भाज्यांचा वाडगा तसाच होता, वरची पात काळी पडली होती. अर्ध्यावर आल्यावर त्याने चमचा ठेवला. दमला होता. मग उजवा हात वाडग्याला लावला आणि डावा शेजारी आणायला लागला. मी ओळखलं. वाडगा तोंडाला लावून प्यायचा नाही हे त्याला तीन वेळा सांगितलेलं होतं.

"नाही," मी म्हटलं.

डावा हात वाडग्यापर्यंत पोचला, पण बोटं नीट वळेनात. वाडगा एका बाजूला कलला. मी हात पुढे केला तो वाडगा काढून घ्यायला. तो माझ्याकडे बघत होता. विनवणी नव्हती त्यात, हट्टही नव्हता. साइटवर क्रेनला भार लागला की ऑपरेटरकडे बघतात तसा तो बघत होता. मी वाडग्याची डावी कड धरली आणि वर उचलायला मदत केली. तो प्यायला. घोट मोठा होता की छोटा, मला सांगता येणार नाही. मी डोळे मिटले होते.

त्या खेपेला ताप आला नाही. मी रात्रंदिवस थर्मामीटर लावून बघत होते, त्याने ते एकदा लपवूनही ठेवलं. पुढच्या शनिवारी गेलो, तेव्हाही आला नाही. घरातलं जेवण थोडं वाढलं, घट्ट खिचडी तो कुरकुर न करता खायला लागला. मला वाटलं, निभलं. मग पुढच्या एका शनिवारनंतर ताप आला. फुप्फुसात सूप गेलं होतं, की झोपेत स्वतःचीच लाळ गेली होती, कुणी सांगू शकलं नाही. थेरपिस्ट म्हणाली, कशानेही होऊ शकतं. म्हणजे मला दोष द्यायला सूपसुद्धा राहिलं नाही.

हॉस्पिटलात तो जास्त दिवस राहिला. समोरच्या काकू येऊन बसायच्या, हातात रिकामी पिशवी. काही आणायचं नाही हे आता त्यांना कळलं होतं आणि काही न आणता आजाऱ्याकडे कसं बसायचं ते कळत नव्हतं. मुलगा पुण्याहून आला, बापाशी एकटाच बोलत बसला. बाहेर आला तेव्हा मी विचारलं, "काय म्हणाला?" तो म्हणाला, "बाबांना आता जबरदस्ती करू नकोस, आई." मी म्हटलं, मी कधी केली? तो पुण्याला परत गेला.

घरी आल्यावर नवरा आणखी हलका झाला होता. मी ठरवलं होतं की आता काही विचारलं तर सरळ नाही म्हणायचं. काय होईल ते होवो, रागावू दे, बोलणं टाकू दे. त्याने काही विचारलं नाही. आठवडाभर घट्ट पाणी प्यायला, वर्तमानपत्र वाचलं, मिसरोदच्या घराला रंग कोणता द्यायचा यावर माझ्याशी भांडला.

काल शनिवार होता. दुपारी मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर तो दिवाणखान्यात खुर्चीवर बसला होता. धुतलेला शर्ट घातलेला, केस विंचरलेले. बूट पायात सरकवलेले, लेस लोंबत होते. एका हाताने लेस बांधता येत नाही.

मी उभी राहिले. त्याने उजवा पाय थोडा पुढे केला.

मी म्हणायचं ठरवलेलं सगळं मला पाठ होतं. मी खाली बसले, आधी उजवा बांधला, मग डावा, आणि वाटेत सुटू नये म्हणून दोन्हींना दुहेरी गाठ मारली.